आडावरची मोटार

आमच्या वस्तीत नवी सून आली की हळद फिटायच्या आत तिला आड दाखवायला नेत. गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. तिला पुढून फळ्यांचं मोठं दार आणि दाराला कुलूप. दाराच्या फटीला डोळा लावायचा. आत अंधार. त्या अंधारात हळूहळू एक लांबलचक काळी मोटार दिसायला लागायची आणि तिच्या नाकावर पंख पसरलेला एक चकाकता हंस. मग नेणारी बाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "बगितलीस? ह्यो आपला आड."

माझी आई उमरीकडची. ती या वस्तीत आली तेव्हा तिला वाटलं, सासरची माणसं आपली थट्टा करतायत. ती म्हणाली, "आमच्याकडं आडात बादली सोडतेत. तुमच्याकडं मोटार सोडतेत का काय?" कुणी हसलं नाही. तिला घेऊन गेली होती माझी आत्या. ती एवढंच म्हणाली, "मोटार वर हाय. आड खाली हाय. इसरू नको."

विसरू नये म्हणूनच तो रिवाज होता. आमच्या बायकांनी त्या शेडीला कधी शेड म्हटलं नाही. 'आडामागं शेळी बांधलीय', 'आडापाशी टँकर आलाय' असंच बोलायच्या. बाहेरचा माणूस चक्रावून जायचा. आड कुठाय म्हणून इकडंतिकडं बघायचा. मलाही लहानपणी हे खुळेपणाचं वाटे. पुढं नांदेडला कॉलेजात गेले, पत्रकं लिहायला लागले, तेव्हा कळलं की मी छापखान्यात जे शिकत होते ते आमच्या निरक्षर बायका पाव शतक करत आल्या होत्या. एकच गोष्ट, रोज, न कंटाळता सांगत राहायची.

त्या मोटारीचं नाव मी लिहिणार नाही. ज्या कंपनीची ती होती तिची फुकट जाहिरात करायची मला हौस नाही. अमेरिकन होती, श्रीमंतांची होती, एवढं पुरे.

निजामाच्या राज्यात आमचं गाव एका जहागिरीत होतं. जहागीरदार राहायचे हैदराबादला. सुगी झाली की ते या मोटारीतून गाव बघायला येत. बघायला म्हणजे गोळा करायला. आमच्याकडची काळी जमीन. अवकाळी सर आली की चाकं रुतायची. मग जहागीरदारांच्या कारभाऱ्याकडून वस्तीत बोलावणं यायचं. वेठीला. माझ्या आत्याच्या बापानं, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती मोटार कितीदा ढकलली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मजुरी नाही, भाकरी नाही, उलट चिखल उडाला म्हणून शिव्या. आत्या सांगायची, "बाप घरी आला की पाठीवर मोटारीची पट्टी उमटल्याली असायची." ढकलताना हातानं ढकलू देत नसत. काचेला आणि रंगाला हाताचा डाग पडतो म्हणून. पाठ लावायची, तीही फक्त मागच्या लोखंडी पट्टीला.

पोलीस ॲक्शन झाली. जहागीरदार मोटार कारभाऱ्याच्या ताब्यात देऊन गेले, ते गेलेच. कारभाऱ्यानं काही दिवस वाट पाहिली आणि मग वाट बघणं सोडून मालक व्हायला घेतलं. गुरांचं वाडगं, जमीन, मोटार, सगळ्याचा. त्याच्या मुलाला आख्खं गाव 'मालक' म्हणे. मी त्यांना 'काका' म्हणायची. हे त्यांना फार झोंबायचं, म्हणून तर म्हणायची.

छप्पन साल आलं. आमच्या माणसांनी दीक्षा घेतली आणि गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढणार नाही. सणाला दारोदार भाकरी मागणार नाही. एवढंच. कुणाचं काही हिसकावलं नाही, कुणाच्या घरात शिरले नाहीत. पण गावाला ते घरात शिरल्याहून मोठं वाटलं. आमच्या वस्तीचा एकच आड होता, तोंड लहान, खोली मोठी, पाणी गोड. तो मालकांच्या वाडग्याला लागून होता. एक दिवस त्याच्या तोंडावर जुन्या सागवानी तुळया टाकल्या, तुळयांवर जाड फरशा आणि फरशांवर ही मोटार आणून उभी केली. चारी बाजूंनी पत्रे ठोकले. विचारलं तर उत्तर तयार: "मोटारीला उनात ठेवायची का? शेड पायजेच की." जागा तीच का, तर "जागा माझी हाय."

तेव्हापासून आमच्या बायका नाल्यात झरे उकरून पाणी भरायच्या. आणि मालक दरवर्षी दसऱ्याला शेड उघडायचे. मोटारीला पाण्यानं धुवायचे, झेंडू बांधायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. आमचा दीक्षेचा दिवस तोच. आम्ही निळा झेंडा घेऊन, पांढरी लुगडी नेसून निघायचो तेव्हा शेडीचं दार उघडं असायचं. आणि त्या दारातून धुतलेल्या मोटारीचं पाणी ओघळून वाटेवर येत असायचं. लेकरं त्यातून उड्या मारत जात. मी पण मारल्या आहेत. आज ते आठवलं की तळपायाला काहीतरी चावल्यासारखं होतं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या गावात पेढे वाटले. आत्तापर्यंत काही मागायचं तर उस्मानाबाद गाठायचं, दिवस मोडायचा. आता साहेब औशावरून एका येस्टीवर. मालकांनी चावडीसमोर भाषण केलं, "आता आपली कामं झटक्यात." आपली म्हणजे कुणाची, ते कुणी विचारलं नाही. जिल्हा नवा झाला आणि त्याच्या मागोमाग पाऊस गेला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होईल. दुसऱ्या वर्षी नाल्यातले झरे आटले. तिसऱ्या वर्षी टँकर आला. तो यायचा वाटेल तेव्हा आणि थांबायचा मालकांच्या शेडीपाशी, कारण तिथवरच रस्ता बरा होता. म्हणजे बघा, आमच्या बायका आपल्याच आडावर उभ्या राहून दुसऱ्या गावाहून आलेल्या पाण्याची वाट बघत होत्या.

मी अर्ज लिहिला. चार ओळींचा. शेडीखाली आमचा आड आहे, मोटार काढा, आड उघडा. चौकशीला एक माणूस आला. शेडीला कुलूप होतं. मालकांनी त्याला वाड्यात नेऊन चहा पाजला. कुलूप न काढता तो परत गेला आणि उत्तर आलं: "जागेवर विहीर आढळून येत नाही." मी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "त्येला म्हणावं, तुझ्या आईला घिऊन ये, नव्या सुनंला दावते तसा तिला बी आड दावते." बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी सुट्टी संपायच्या आत नांदेडची गाडी धरली. त्या गावात आणखी एक दिवस राहिले असते तर शेड पेटवली असती.

नांदेडला आमची पत्रकं एका बोळातल्या छापखान्यात निघायची. पायानं चालवायचं यंत्र, शाईचा वास, भिंतीला टेकून ठेवलेली कागदाची रिमं. छापखान्याचे मालक आम्हाला पोरापोरींना उधारीवर छापून देत आणि वर चुका पण काढत. "बाई, एका पानात किती वेळा 'धिक्कार' लिहितेस? त्या अक्षरांचे खिळे संपले माझे." त्या दिवशी मी 'आमचा आड कुणी गिळला?' हे पत्रक घेऊन गेले होते. यंत्रावर दुसराच कागद चालू होता. ओला एक हातात घेतला. उर्दू आणि मराठीत, दोन्हीकडून: 'जुन्या विलायती व अमेरिकन मोटारी विकत घेऊ. बंद, मोडकी, पडलेली, कशीही चालेल.'

ज्यांनी तो छापायला टाकला होता ते स्टुलावर बसले होते. हैदराबादचे. पांढरी दाढी, स्वच्छ कुर्ता. जुन्या मोटारींचे शौकीन. निजामाच्या मुलखात कुठकुठं जहागीरदारांच्या गाड्या पडून आहेत ते धुंडाळत फिरायचे. मी त्यांना हंसाचं सांगितलं. नाकावरच्या हंसाचं. ते स्टुलावरून उठलेच.

त्या दुपारी त्या माणसानं मला मोटारीचा इतिहास शिकवला. त्यांच्या पिशवीत अमेरिकेची चकचकीत मासिकं होती. त्यांनी पान उघडलं, हंस दाखवला, "ये?" मी म्हणाले, "हाच." मग ते सांगत सुटले. इंजनाचे आठ नळे एका रांगेत, म्हणून नाक एवढं लांब. धावली तर आवाज येत नाही, नुसता वारा लागतो. सिनेमातल्या बाया, बडे सेनापती, आपल्याकडचे राजे आणि नवाब, सगळ्यांनी घेतल्या. अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, माणसं फुकटच्या सूपासाठी रांगेत उभी राहिली, त्याच वर्षांत या कंपनीनं आपल्या सगळ्यात देखण्या गाड्या काढल्या. हे ते कौतुकानं सांगत होते. मी मात्र ती रांग डोळ्यांपुढं आणत होते आणि त्या रांगेत मला आमच्याच बायका दिसत होत्या. पुढं कंपनीनं स्वस्तातल्या गाड्या काढल्या, मोठ्या लोकांचं मन उडालं, लढाईनंतर धंदा बसला आणि शेवटी नावच पुसलं गेलं. "और मरी तब कीमत बढी," ते म्हणाले.

गाडीचं मोल कशावर ठरतं तेही सांगितलं. रंग कारखान्यातला असावा. गाद्यांचं कातडं तेच. इंजनावरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा जुळावा. जितक्या कमी माणसांच्या हातून गेली तितकी चांगली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाललेली नसावी. पडून राहिलेली, कुणी न छेडलेली गाडी म्हणजे सोनं.

मी ते ऐकत होते आणि माझी कानशिलं तापत होती. ही मोटार चालली का नाही? आमच्या घशावर बसली होती म्हणून. कुणी छेडली का नाही? आम्हाला जवळ जायची चोरी होती म्हणून. आमच्या बायकांनी नाल्यात गुडघे फोडले आणि तिकडं हिचं मोल वाढत गेलं. पण मी तोंड मिटून घेतलं. कारण त्याच वेळी मला वाट दिसली. अर्जानं दार उघडत नाही. मोर्चानं उघडत नाही. गिऱ्हाईक आलं की उघडेल. मोटार बाहेर निघू दे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फरशी उघडी पडू दे. मग आड आहे का नाही ते गावच बघेल.

सोबतच्या पोरांनी माझी टर उडवली. "काय बाई, क्रांती सोडून गाड्यांची दलाली करून राहिलीस?" मी म्हणाले, "हाव, करून राहिले. तुमची क्रांती झाली की कळवा, तोवर आत्याला पाणी लागतंय."

मग मी जे केलं त्यासारखं किळसवाणं काम आयुष्यात दुसरं केलं नाही. मालकांच्या ओट्यावर बसून त्या मोटारीची स्तुती केली. हैदराबादला तिला काचेच्या खोलीत ठेवतील म्हणाले. खाली पितळी पाटी लावतील, पाटीवर तुमच्या घराण्याचं नाव.

मालक सुपारी कातरत होते. "तुला का गं एवढा पुळका?"

"काका, मला मोटारीचा पुळका नाही."

"मग जागेचा हाय. वळखतो मी. मोटार गेली तरी शेड ऱ्हाईल आन् कुलूप बी ऱ्हाईल. आन् खाली काय हाय? दगडमाती. बुजवला आड तवाच. सरकारनं लिवून दिलंय न्हाई म्हणून."

"मग भ्यायचं कशाला?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "भेतंय कोण? बोलाव तुझ्या हैदराबादवाल्याला."

पितळी पाटी त्यांच्या डोक्यात बसली होती. लातूरला नव्या जिल्ह्यात जो तो मोठा होऊन राहिला होता. कुणी प्लॉट घेतला, कुणी दुकान टाकलं. मालकांना मागं पडल्यासारखं झालं होतं. गिऱ्हाईक येणार, तर मोटार नीट दिसली पाहिजे. आमच्याकडं पाहुण्यापुढं काही आणायचं तर रंगवून आणतात. पोळ्याला बैल, लग्नाला भिंत. मालकांनी लातूरहून ट्रक रंगवणारा पेंटर आणला.

शौकीन आले त्या दिवशी टँकर यायचा होता. म्हणून बायका घागरी घेऊन शेडीपाशी ओळीनं बसल्या होत्या. जीप थांबली. शौकीन उतरले, त्यांचा एक मिस्त्री उतरला. मालकांनी फेटा सारखा करून कुलूप काढलं, दोन्ही दारं ढकलली, आणि म्हणाले, "बगा!"

मोटार ट्रॅक्टरच्या लाल रंगात उभी होती. चाकं पिवळी. हंसाला चांदीचा रंग आणि चोच लालभडक. बाजूनं वेलबुट्टी. आणि मागं, ज्या लोखंडी पट्टीला माझे आजोबा पाठ लावायचे तिच्या वरच्या बाजूला, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: हॉर्न ओके प्लीज.

शौकिनांनी त्या लाल रंगावरून एक बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "इसकू रंग कायकू मारे जी? बैल है क्या?"

मालक गोंधळले. "नवा दिलाय. चांगला भारीतला."

"पुराना रंग इच तो चाहिए था मेरेकू."

ओळीतून माझी आत्या म्हणाली, "मालक, शिंगाला गोंडे राहिले की." बायका फिदीफिदी हसल्या. मालकांनी वळून बघितलं. हसू थांबलं नाही. ते बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

शौकीन जायला निघतील असं मला वाटलं. दार आता लागलं तर पुन्हा उघडणार नव्हतं. पण ते खरे शौकीन होते. म्हणाले, वरचं गेलं ते गेलं, खाली कारखान्याचा रंग राहिला असेल, सांगाड्यावरचा आकडा असेल, तेवढं बघतो. त्यांनी जीपमधून एक गोणपाट काढलं, मोटारीखाली अंथरलं, टॉर्च घेतला आणि पांढऱ्या कुर्त्यानिशी उताणे होऊन खाली सरकले. पाय तेवढे बाहेर.

आतून लोखंडावर टकटक ऐकू आली. मग टकटक थांबली आणि काहीतरी भुगा पडल्यासारखं झालं. मग पुन्हा. मग त्यांचा आवाज आला, एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर येतो तसा. "या अल्ला."

ते बाहेर सरकले. कुर्ता तांबडा झालेला. मुठीत गंजाचे पापुद्रे, बोटांनी दाबले की चिखल होत होता. "पूरा सड गया. सांगाडा हात में आ रा." त्यांनी मालकांकडं बघितलं, मग बाहेर बघितलं, भेगाळलेल्या जमिनीकडं, ओळीतल्या कोरड्या घागरींकडं. "ये मुलूक तो पूरा सूखा है. इसके पेट के नीचे इत्ती सील, इत्ती ओल कां से आई?"

मालक म्हणाले, "पावसाळ्यात पत्रा गळतो थोडा."

"कंचा पावसाळा, मालक?" ओळीतली एक म्हणाली. "तीन सालं झाली ढग बगून. तुमच्याच पत्र्यावर पडतो काय?"

आत्या उठली. ती कुणाला काही न विचारता शेडीत शिरली. त्या जागी आमच्यापैकी कुणी पाव शतकात पाऊल टाकलं नव्हतं. ती वाकली, मोटारीखालचं गोणपाट ओढून काढलं आणि उलटं केलं. फरशीकडच्या बाजूला एक लांब काळा पट्टा उमटला होता, फरशांच्या सांध्याचा. तिनं तो गालाला लावला. डोळे मिटले. "वलं हाय," ती म्हणाली.

तिनं गोणपाट पुढच्या बाईला दिलं. तिनं गालाला लावून पुढं दिलं. ते गोणपाट त्या ओळीतून हातोहात गेलं, जसं नवं लेकरू पहिल्यांदा बघताना बाया हातोहात देतात तसं. माझ्या आईनं ते नाकाला लावलं आणि तशीच बसून राहिली. माझ्यापाशी आलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका राग की गोणपाट पुढं द्यायचं विसरले. पाव शतक हे पाणी इथंच होतं. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बायकांनी खडी फोडली, तहानेनं दातखिळी बसली, तेव्हाही हे इथं होतं. सरकारी माणसानं चहा पिला तेव्हाही इथं होतं. आणि ते वर येऊन कुणाला भेटत होतं, तर एका बंद कंपनीच्या बंद मोटारीच्या पोटाला.

शौकीन मालकांना सांगत होते, "इसकू आज के आज बाहर निकालो. अब्बी. और रखे तो इंजन भी जाता."

आणि मालकांना घाई झाली. हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. माणसं सुकत होती तेव्हा या माणसाला घाई नव्हती. इंजन जाईल म्हटल्यावर धोतराचा सोगा खोचून ते ओरडायला लागले, "काय बघताव? उठा! ढकला! हात लावा!"

ओळीतली एकही बाई हलली नाही. मोटार ढकलायचा हुकूम, त्याच घराण्याच्या तोंडून, त्याच वस्तीला. म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मीच म्हणाले, "वेठ बंद झाली, काका."

आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गप गं. बापानं त्येंच्यासाठी ढकलली. मी माझ्यासाठी ढकलते." मग मालकांकडं वळून म्हणाली, "पर मी पाठ लावणार न्हाई. हात लावणार."

आणि तिनं आपले दोन्ही तळवे पंजे पसरून त्या ओल्यासारख्या चमकणाऱ्या लाल रंगावर टेकवले. बाकीच्या उठल्या. घागरी तशाच राहिल्या. मिस्त्रीनं पुढं जीपला साखळी बांधली. टायर बसलेले, ब्रेक धरलेले, मोटार एखाद्या हट्टी रेड्यासारखी इंच इंच सरकत होती आणि फरशा तिच्याखाली कण्हत होत्या. आमची पोरं मागून 'हॉर्न ओके प्लीज' ओरडत होती. ती एकदाची उन्हात आली. मालक तिच्यामागं धावले, शौकीन तिच्यामागं धावले. शेडीत आम्हीच राहिलो.

पहार कुणीतरी आणलीच होती. पहिल्या सांध्यात ती घातली तेव्हा मालकांचं लक्ष गेलं. ते परत आले. "फरशीला हात लावायचा न्हाई! जागा माझी हाय!"

मला आयुष्यात वेळेवर सुचलेली ही एकच गोष्ट. मी म्हणाले, "काका, इथं विहीर आढळून येत नाही. सरकारनं लिहून दिलंय. नसलेल्या विहिरीला आम्ही हात लावतोय, तुमचं काय जातंय?"

फरशी उचलली गेली. तुळई कुजून लोण्यासारखी झाली होती, हातानंच सुटली. आतून जो गार श्वास आला तो सगळ्यांच्या घोट्यांना लागला. खडा टाकला. आवाज आला. पहिल्या बादलीवर तेलाचा तवंग होता, इंद्रधनुष्यासारखा, मोटारीनं वर्षानुवर्षं गाळलेल्या तेलाचा. ती बादली ओतली. दुसरी ओतली. उपसत राहिलो. टँकर आला, उभा राहिला, कुणी उठलं नाही म्हणून ड्रायव्हर खाली उतरून विचारायला लागला, "काय हो, लग्न हाय का इथं?"

पुढचं थोडक्यात सांगते. मालकांनी तक्रार केली. चौकशीला पुन्हा माणूस आला, पण आता बायका रहाट बसवून पाणी भरत होत्या आणि त्याला लेखी 'आढळून येत नाही' म्हणता येईना. मोटार शौकिनांनी तरीही नेली, इंजनासाठी, दिव्यांसाठी आणि हंसासाठी. पितळी पाटीचं काय झालं ते मालकांना विचारायची मला फार इच्छा होती. विचारलं नाही, मला दुसरी कामं होती.

दोन-तीन वर्षांनी एका सभेसाठी हैदराबादला गेले तेव्हा शौकिनांनी घरी बोलावलं. मोटार उभी केली होती. नवा सांगाडा बनवून, लाल रंग खरवडून, पुन्हा काळी. हंस धुतलेला. पाहुणे आले होते, हातात सरबताचे ग्लास. शौकीन त्यांना सांगत होते की ही मराठवाड्यात एका खेड्यात सापडली, अडाणी लोकांनी हिला विहिरीवर उभी करून ठेवलेली, पाण्यानं बिचारीचा सत्यानाश केला. पाहुणे चुकचुकले. एक बाई म्हणाल्या, "किती क्रूर!"

मोटारीशी क्रूर. मी ग्लास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, आत्ता लिहिलंय तसं, मध्ये श्वास न घेता. शौकिनांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आप सच बोले. मगर लोगां मोटार देखने कू आते, ये सुनने कू नै आते."

ते खरं होतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले. मोटारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तिच्या आठ नळ्यांवर, हंसावर, तिच्या राजे-नवाबांवर मासिकं निघतात. तिच्याखाली काय होतं ते लिहायला आमच्याशिवाय कुणाला गरज नाही.

वस्तीतला रिवाज अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाची बायको आली, भोकरकडची. हळद फिटायच्या आत आत्या तिला आडावर घेऊन गेली. मी मागं होते. रहाटाच्या शेजारी एका दगडावर तेलाचा काळा डाग आहे, घासून घासूनही न गेलेला. आत्यानं तो दाखवला. "हितं मोटार होती. आडाच्या तोंडावर."

सुनेनं आडात वाकून बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "चला हो आत्याबाई. आडावर कुणी मोटार ठेवतंय व्हय?"

"बग," आत्या मला म्हणाली. "हिला आत्ताच खोटं वाटाय लागलंय. लिव तू."